छोट्या तेरेजाचे बालपण



ऑक्टोबरची पहिली तारीख जवळ आली की आपल्या चर्चमधील डाव्या वेदीसमोर गुलाबांची रास पडू लागते. हातातल्या क्रूसावर गुलाब सांभाळणारी ती तरुण कार्मेलाईट सिस्टर आपल्या घराघरांतली आहे. आपल्या कितीतरी आज्यांना आणि मावश्यांना बाप्तिस्म्यात तिचे नाव मिळाले. मूर्तिकारांनी तिच्या चेहऱ्यावर इतके गोड स्मित ठेवले आहे, की या मुलीला कधी दुःख शिवले असेल असे वाटू नये. नोव्हेनाच्या पुस्तिकेतही तिचे बालपण दोन ओळींत आटोपते. धार्मिक आईवडिलांच्या पोटी जन्म झाला, लहानपणीच आई वारली, पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली. आई वारली एवढे वाचून आपण पुढच्या प्रार्थनेकडे वळतो.

यंदा आम्ही तिथेच थांबायचे ठरवले आहे. त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आमच्या ऑफिसात जे आईवडील येऊन बसले, त्यांतले बरेच जण मुलांविषयी बोलायला आले होते. मुलगा पूर्वीसारखा बोलत नाही. मुलगी शाळेत जायची वेळ झाली की पोट धरून बसते आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. कोणी नजर लागल्याचे म्हणतो, कोणी लाडाने बिघडल्याचे. सर्वांची मागणी एकच असते, की फादर, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. ती आम्ही केली आणि करत राहू. पण त्या मुलांकडे पाहताना आम्हाला वारंवार तेरेजाची आठवण झाली. पुतळ्यातल्या नव्हे, दहा वर्षांच्या तेरेजाची.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर. आई झेली त्या गावाच्या प्रसिद्ध लेसचा व्यवसाय करीत. तो इतका चांगला चालला की १८७० मध्ये लुईंनी आपले दुकान विकले आणि पत्नीच्या कामात लक्ष घातले. घरात पैशाची चणचण नव्हती. रोज मिस्सा होती, प्रार्थना होती, आईवडिलांचे एकमेकांवर प्रेम होते. हे दोघे पुढे १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संत म्हणून जाहीर झाले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मुलांच्या मनाला होणाऱ्या जखमा फक्त दारुड्याच्या किंवा गरिबाच्या घरात होतात असा आपला एक समज आहे.

त्या घरावर दुःखाची छाया तेरेजा यायच्या आधीपासून होती. नऊ मुलांपैकी चार १८६७ ते १८७० या अवघ्या चार वर्षांत गेली. दोन मुलगे आणि एक मुलगी तान्हेपणी, तर एलेन नावाची मुलगी पाच वर्षांची होऊन. उरल्या मारी, पोलीन, लिओनी आणि सेलीन. तेरेजा नववी. झेलींचे स्वतःचे बालपणही कोरडे गेले होते. आई कडक, घरात मायेचा शब्द कमी, आणि खेळायला साधी बाहुलीसुद्धा कधी मिळाली नाही, हे त्यांनी मोठेपणी आपल्या भावाला लिहून कळवले होते. आपल्या मुलींना त्यांनी जीव लावला, पण सततची काळजी आणि कामाचा ताण त्यांच्या पत्रांतून लपत नाही. जे आपल्याला मिळाले नाही ते मुलांना देणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल.

तेरेजा दोन-अडीच महिन्यांची असताना आजारी पडून मरणाच्या दारी गेली. आईला तिला पाजता येईना. तेव्हा आलाँसाँपासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या सेमाले या खेड्यातील रोझ ताये या शेतकरीण दाईकडे तिला ठेवण्यात आले. तिथे गायीगुरांच्या सहवासात, मोकळ्या हवेत ती गुटगुटीत झाली. रोझ बाजाराच्या दिवशी लोणी विकायला गावात येई तेव्हा बाळाला घेऊन येई. पण बाळ आईजवळ राहायला तयार नसे. इतके रडे की शेवटी मोलकरणीबरोबर तिला बाजारात रोझच्या पाटीपाशी पाठवावे लागे, आणि तिथे पोहोचताच ते हसू लागे. साहजिकच होते. तिच्या लेखी आई म्हणजे रोझ. २ एप्रिल १८७४ रोजी, पंधरा महिन्यांची असताना, तेरेजा कायमची घरी आली. सर्वांना आनंद झाला. पण त्या बाळाने तोवर एकदा नव्हे, दोनदा आई सोडली होती. यात कोणाचा दोष नाही. दाईकडे पाठवले नसते तर ती जगली नसती.

पुढची तीन वर्षे सुखाची गेली. तेरेजा चुणचुणीत, हट्टी, मोकळेपणाने हसणारी मुलगी होती. आणि मग झेलींच्या छातीतली गाठ कॅन्सरची ठरली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी, त्या वारल्या. तेरेजा साडेचार वर्षांची होती.

आईच्या शेवटच्या आठवड्यांत धाकट्या दोघींना दिवसभर शेजारी पाठवण्यात येई. आई गेल्यावर वडिलांनी तेरेजाला उचलून घेतले आणि आईच्या थंड कपाळाचा मुका घ्यायला लावला. तिने घेतला. ती फारशी रडली नाही. मोठी माणसे धावपळीत होती आणि तिच्याशी बोलायला कोणाला सवड नव्हती. घरातल्या बोळात शवपेटी उभी करून ठेवली होती. ती लहान पोर एकटीच त्या पेटीसमोर मान वर करून कितीतरी वेळ उभी राहिली. पेटी तिच्याहून खूप उंच होती. तिने कोणाला काही विचारले नाही. सतरा वर्षांनंतर मठाधिकारिणीच्या, म्हणजे बहीण पोलीनच्याच आज्ञेवरून ती बालपणीच्या आठवणी लिहायला बसली, तेव्हा त्या बोळातले दृश्य तिच्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे होते.

आपल्याकडे मयताच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते, की मूल लहान आहे, त्याला काय कळते. आम्हीही ते म्हटले असेल. प्रसंगी मुलाचे रडणे थांबल्याबद्दल देवाचे आभारही मानले असतील. न रडणारे मूल आपल्याला शहाणे वाटते.

दफनाच्या दिवशी सेलीनने थोरल्या मारीच्या गळ्यात पडून सांगितले की आता तूच आई. तेरेजा पोलीनकडे गेली आणि तिला आई मानले. तिची ही तिसरी आई. त्याच वर्षी नोव्हेंबरात लुई पाचही मुलींना घेऊन मेहुण्याच्या आधाराने लिझ्यू या शहरात राहायला गेले. म्हणजे आईपाठोपाठ घर, अंगण आणि ओळखीची माणसेही सुटली. तेरेजाचा स्वभाव पार बदलला. हसरी मुलगी भित्री झाली. परके माणूस दिसले की अंग चोरी, कोणी जरा पाहिले तरी डोळे भरत, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडू येई. आपण असे का झालो आहोत हे तिला स्वतःला उमगत नव्हते. घरच्यांनी तिला प्रेम कमी दिले नाही. वडील तर तिला आपली छोटी राणी म्हणत. तरीही हे असे झाले.

साडेआठाव्या वर्षी, १८८१ मध्ये, तिला बेनेदिक्तीन सिस्टरांच्या शाळेत घातले. हुशार असल्यामुळे तिला वयाने मोठ्या मुलींच्या वर्गात बसवले, आणि त्यांतल्या एकीने हेवा करून तिला छळले. तेरेजा तक्रार करीत नसे, गुपचूप रडे. शाळेतली ती पाच वर्षे तिला आयुष्यातली सर्वांत दुःखाची वाटली. मग १८८२ च्या उन्हाळ्यात तिच्या कानावर दोन बहिणींचे बोलणे पडले. पोलीन कार्मेल मठात जाणार होती. तेरेजाला तोवर कोणी सांगितले नव्हते, तिला वाईट वाटेल म्हणून. २ ऑक्टोबरला पोलीन गेली. भेट आता मठाच्या गजांआडून, आणि बहुतेक वेळ मोठ्यांच्या बोलण्यात संपून तेरेजाच्या वाट्याला शेवटची दोन-तीन मिनिटे.

त्यानंतर तिचे डोके सतत दुखू लागले. मार्च १८८३ मध्ये पवित्र सप्ताहासाठी वडील मारी आणि लिओनीला घेऊन पॅरिसला गेले होते. धाकट्या दोघी मामांच्या घरी होत्या. ईस्टरच्या संध्याकाळी, २५ मार्चला, मामांनी सहज झेलींच्या आठवणी काढल्या. तेरेजाला रडू कोसळले, आणि त्या रात्री तिच्या अंगाला जो कंप सुटला तो गोधड्यांनी आणि शेकांनी थांबेना. पुढचे सात आठवडे ती अंथरुणावर होती. खाटेच्या चारही बाजूंना खोल दऱ्या आहेत असे तिला दिसे. भिंतीतले खिळे जळक्या काळ्या बोटांसारखे भासत. वडिलांच्या हातातली टोपी पाहून ती किंचाळली, आणि वडील रडत खोलीबाहेर गेले. कधी ती खाटेवरून खाली कोसळे. मारी शेजारी असतानाही मामा, मामा अशा हाका मारीत राही. फ्रेंच मुले आईला मामा म्हणतात. डॉक्टर नोता येत होते, पण त्यांच्या औषधाने गुण येईना. मध्ये ६ एप्रिलला पोलीनचा वस्त्रधारण विधी झाला. त्या दिवशी तेरेजा ठणठणीत होती, मठात जाऊन पोलीनच्या मांडीवर बसली. दुसऱ्या दिवशी दुखणे पुन्हा सुरू.

ही हकिगत आज कोणा बालमानसतज्ज्ञाला सांगितली तर तो या मुलीला वेडी म्हणणार नाही आणि ढोंगीही म्हणणार नाही. किती वेळा आई गेली, हे तो आधी मोजेल. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. मुलाच्या मनाच्या आरोग्यासाठी आईशी किंवा तिच्या जागी कायम राहणाऱ्या व्यक्तीशी उबदार आणि अखंड नाते हवे, हे त्यांनी त्यात मांडले. अखंड हा शब्द महत्त्वाचा. तेरेजाच्या वाट्याला माया भरपूर आली, पण ती तुटत तुटत आली.

आणखी एक संशोधन सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सान दिएगो येथील एका मोठ्या आरोग्य योजनेच्या हजारो प्रौढ सभासदांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेले माणूस, असे ते प्रश्न होते. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून अधिकांनी यांतला किमान एक अनुभव सांगितला. ज्यांनी चार किंवा अधिक सांगितले त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काही पटींनी जास्त निघाला. ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती, चांगल्या खात्यापित्या घरांतली होती. आईचा मृत्यू त्या पहिल्या प्रश्नावलीत नव्हता. पण बालपणी जे घडते ते तिथेच संपत नाही, शरीरात आणि मनात मुक्कामाला राहते, हे त्यातून पुढे आले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही एक गोष्ट शिकलो. आत्मा हा शरीरात होडीतल्या नाखव्यासारखा बसलेला नाही. होडीला भोक पडले तरी नाखवा कोरडा राहू शकतो. माणसाचे तसे नाही. शरीर, मन आणि आत्मा मिळून एकच माणूस आहे. परीक्षेत आम्ही हे छान लिहिले आणि मार्क मिळवले. पुढे बरीच वर्षे मात्र, कोणी उदास आहे असे सांगत आला की आम्ही त्याला रोझरी वाढवायला सांगत होतो. रोझरीत काही वाईट नाही. पण मोडलेल्या पायावर आम्ही कोणाला नुसती रोझरी सांगितली नसती.

१३ मे १८८३, पेंटेकॉस्टचा रविवार. तेरेजा मारीला हाका मारत होती आणि समोर आलेल्या मारीला ओळखत नव्हती. मारी, लिओनी आणि सेलीन खोलीतल्या देवमातेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून रडू लागल्या. तेरेजाही तिकडे वळली. मरियामाता आपल्याकडे पाहून हसली असे तिला दिसले, आणि दुखणे उतरले. तो पुतळा आज लिझ्यूच्या कार्मेलमध्ये तिच्या अवशेषांच्या वर आहे. श्रद्धावंत म्हणून आम्ही त्या दिवसाला कृपेचा दिवस मानतो. एक मानसतज्ज्ञ म्हणेल, की अनेक आया गमावलेल्या मुलीला न जाणारी आई सापडली. आम्हाला या दोन बोलण्यांत भांडण दिसत नाही. देव कृपा देतो ती नेमकी जखम असते तिथेच देतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुस्तिका इथेच घाई करते. बरे झाल्यावर तेरेजाला वर्षानुवर्षे संशय छळत राहिला, की आपण मुद्दाम तर आजारी पडलो नव्हतो ना. मठातल्या सिस्टरांनी त्या स्मिताविषयी खोदून खोदून विचारले, तेव्हा आपण खोटे बोललो असेही तिला वाटू लागले. मे १८८५ मध्ये पापाच्या नसत्या भीतीने तिला घेरले. साधा विचार मनात आला तरी ते पाप वाटे. दीड वर्षभर ती रोज मारीपुढे सारे ओकून टाकी तेव्हा तिला जरा बरे वाटे. पापनिवेदनात काय सांगायचे आणि काय सोडून द्यायचे हे मारी तिला ठरवून देई. या दुखण्यात असलेली माणसे आजही पापनिवेदनाच्या रांगेत आठवड्यातून तीन-तीन वेळा दिसतात. त्यांना अतिधार्मिक म्हणून हसू नये. १८८६ च्या सुरुवातीला तेरेजाची शाळा सुटली, डोकेदुखीमुळे. त्याच ऑक्टोबरात मारीही मठात गेली. तेव्हा तिने स्वर्गात गेलेल्या आपल्या चार चिमुकल्या भावंडांचा धावा केला आणि ती भीती ओसरली.

मग १८८६ ची नाताळची रात्र. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर चुलाण्यापाशी बुटात ठेवलेली खाऊची पुडकी काढायची, ही लहान मुलांची गंमत तेरा वर्षांच्या तेरेजासाठी घरात अजून चालू होती. थकलेले वडील कंटाळून बोलून गेले, की हे शेवटचेच वर्ष बरे. जिना चढणाऱ्या तेरेजाने ते ऐकले. एरवी रात्रभर रडली असती. सेलीन म्हणाली, लगेच खाली जाऊ नको. पण ती डोळे पुसून खाली गेली आणि हसत हसत एकेक पुडके उघडू लागली. वडीलही हसू लागले. साडेचाराव्या वर्षी हरवलेले मनाचे बळ त्या रात्री परत मिळाले, असे तिने स्वतः नोंदवले आहे. आयुष्याचे तिने तीन भाग पाडले होते. आईच्या मृत्यूपर्यंतचा, तिथून या नाताळापर्यंतचा, आणि त्यानंतरचा.

आमचे एक मत आहे, ते कोणावर लादत नाही. ही रात्र आकाशातून एकटीच पडली नाही. दहा वर्षे कोणी ना कोणी या मुलीच्या उशाशी होते. मारीने रात्री जागवल्या, सेलीनने साथ सोडली नाही, वडिलांनी तिच्या रडण्याला कंटाळून हात उगारला नाही. संशोधकही आज असेच म्हणतात, की एखादे स्थिर, मायेचे मोठे माणूस मुलाजवळ टिकून राहिले तर जखमेचा जोर ओसरू शकतो.

त्याच घरात हे सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. तिसरी मुलगी लिओनी, जन्म १८६३, तान्हेपणापासून आजारी, अभ्यासात मागे, आणि आईच्या पत्रांत सततची चिंता. हट्ट करते, सांगितलेले ऐकत नाही, उलट वागते. मावशी ल माँ येथे सिस्टर होती, म्हणून तिथल्या शाळेत दोनदा ठेवून पाहिले, दोन्ही वेळा परत पाठवण्यात आले. १८७७ च्या वसंतात मारीच्या लक्षात खरा प्रकार आला. घरातली लुईझ नावाची मोलकरीण लिओनीला गुपचूप मारत होती, धमकावत होती, आणि आईचे न ऐकता आपलेच ऐकायला लावत होती. ही बाई १८६५ पासून घरात होती, कष्टाळू होती, झेलींचा तिच्यावर विश्वास होता. किती काळ हे चालले असेल याचा विचार करवत नाही. दोन भावी संतांच्या घरात, रोजच्या प्रार्थनेच्या छताखाली, कोणाला कळले नाही, कारण मूलच वाईट आहे अशी सर्वांची खात्री झाली होती. झेलींना कळले तेव्हा त्यांच्या हातात सहा महिनेही उरले नव्हते. त्यांनी मोलकरणीला लिओनीशी बोलायची बंदी केली आणि मुलीला आपल्याजवळ घेतले. काही आठवड्यांत लिओनी निवळली. आणि ऑगस्टमध्ये आई गेली.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर स्वस्थ बसत नसे, शेजारच्याला मारी, वही फाडी. आम्ही त्याला दोनदा बाहेर उभे केले आणि तिसऱ्यांदा त्याच्या आईला सांगितले, की बसता येत असेल तरच पाठवा. तिने मान खाली घालून हो म्हटले आणि तो पुन्हा आला नाही. त्याच्या घरी रात्री काय चालत होते ते आम्हाला पुढे कळले, आणि ते कुटुंब गाव सोडून गेल्यावर कळले. तो वर्ग म्हणजे आठवड्यातला कदाचित एकच तास होता जिथे त्याला कोणी मारत नव्हते.

तेरेजा ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, कार्मेलमध्ये गेली. तिची परीक्षा अजून संपायची होती. त्याच जूनमध्ये वडील घरातून नाहीसे झाले आणि काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. मेंदूच्या विकाराने त्यांची स्मृती जात होती, भास होत होते. मुलींचे रक्षण करायचे म्हणून एकदा त्यांनी पिस्तूल हाती घेतले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ येथील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. मुली मठात गेल्यामुळे म्हाताऱ्याला वेड लागले अशी कुजबुज गावात झाली आणि ती मठाच्या भिंतीआडही पोहोचली. लिओनी आणि सेलीन काही महिने काँमध्येच खोली घेऊन राहिल्या, वडिलांना आठवड्यातून एकदाच भेटता येत असे तरी. घरात मनोरुग्ण आहे हे लपवण्यात ज्यांची वर्षे जातात त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. संत लुई मार्टिन मनोरुग्णालयात राहून आलेले संत आहेत. १८९२ मध्ये ते घरी परतले आणि २९ जुलै १८९४ रोजी वारले.

तेरेजाच्या शेवटच्या दीड वर्षाबद्दल थोडेच सांगतो. एप्रिल १८९६ मध्ये क्षयाने रक्ताची उलटी झाली आणि त्याच सुमारास श्रद्धेवर अंधार पसरला. शेवटच्या महिन्यांत वेदना असह्य असताना तिने बहिणीला बजावले होते, की असा रुग्ण असेल तर विषारी औषध त्याच्या हाताशी ठेवू नये, आणि श्रद्धा नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता. हे तिने लपवले नाही. आपल्यापैकी कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर तेही लपवू नयेत. केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि मुलांवरील अत्याचारासाठी १०९८. दोन्ही क्रमांक पॅरिश ऑफिसच्या दारावर लावले आहेत. ऑफिस बंद असले तरी आमच्या दाराची बेल चालू आहे.

३० सप्टेंबर १८९७ रोजी तेरेजा वारली, वयाच्या २४व्या वर्षी. १९२५ मध्ये संतपद, १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती, १९९७ मध्ये ख्रिस्तसभेची पंडित, हे सर्व आपल्याला पाठ आहे. लिओनीचे पाठ नसेल. तिने मठात राहण्याचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा परत आली. आपल्या मृत्यूनंतर लिओनी मठात जाईल आणि या वेळी टिकेल, अशी खात्री तेरेजाने बहिणीजवळ व्यक्त केली होती. २८ जानेवारी १८९९ रोजी लिओनी काँ येथील व्हिजिटेशन मठात चौथ्यांदा दाखल झाली आणि राहिली. सिस्टर फ्रान्स्वाज-तेरेज हे तिचे नाव. मोठे पद कधी मिळाले नाही, चमत्कार झाला नाही. जून १९४१ मध्ये, ७८व्या वर्षी, ती तिथेच वारली. २०१५ मध्ये तिच्या संतपदाच्या चौकशीला सुरुवात झाली. तिच्या कबरीशी अवघड म्हटल्या जाणाऱ्या मुलांचे आईवडील प्रार्थनेला येतात.

नोव्हेना नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या मिस्साला होईल. विनंत्यांच्या पेटीत दरवर्षी परीक्षा, व्हिसा, नोकरी आणि लग्न यांच्या चिठ्ठ्या निघतात. यंदा कोणाला एखाद्या मुलाविषयी लिहायचे असेल तर नाव घालायची गरज नाही. त्या चिठ्ठ्या आम्ही मोठ्याने वाचणार नाही, वेदीवर ठेवू. आणि ज्यांना चिठ्ठीने भागणार नाही त्यांच्यासाठी त्या नऊही दिवशी मिस्सानंतर आम्ही ऑफिसात बसून आहोत.